‘उघडा’ म्हणणारा मीच, पारबते

पारबते,

तुझ्या तेरवीले निम्मे लोक आले नाहीत. जे आले ते जेवले, वडे दोनदा मागून घेतले, अन् हात धुता धुता मले म्हणाले, "मिस्त्री, बाई चांगली होती, पण तुम्ही तिची माती वाईट केली." मी कोणाले उत्तर दिलं नाही. तू असती तर दिलं असतं, अन् पुढचं ताटही ओढलं असतं. मी ताट ओढलं नाही. पण आता लिहून देतो, म्हणजे ज्याले वाचता येते तो वाचेल अन् ज्याले येत नाही त्याले दुसरा वाचून दाखवेल. चौथी शिकलेल्या सुताराचा कागद आहे हा. शुद्ध-अशुद्ध पाहाचं असंल त्यानं मास्तरकडं जावं.

तू यवतमाळच्या दवाखान्यात गेली. जीव गेल्यावर डॉक्टरीणबाईनं तुझं पोट उघडून पाहिलं. तिनं जबरदस्ती केली नाही, मले भुलवलं नाही, अंधारात अंगठा घेतला नाही. माझ्या तोंडानं मी ‘उघडा’ म्हणालो. सही केली, पूर्ण नावाची. गावातले म्हणतात, मिस्त्रीचं डोकं फिरलं होतं दुःखानं. फिरलं नव्हतं. त्या दिवशी जेवढं जाग्यावर होतं तेवढं नंतर राहिलं नाही.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबईकडं गेला, त्या साली वच्छी आली. पारावर माणसं राज्याचं बोलायची अन् तू ओसरीवर भिंतीले टेकून म्हणायची, "राज्य कोणाकडंबी जाऊ द्या, हे लेकरू काई सरळ व्हाले तयार नाई." आधीची लेकरं हाताले लागली नव्हती. तू चाळिशीले टेकली होती, मी त्याच्याही पुढं. सुईणीनं हात टेकले तवा मी गाडी जुपली, महागावले मोटार धरली. डॉक्टरीणबाई तवा नवीन होती, मले तर पोरगीच वाटली. तिनं तुझ्या पोटावर हात फिरवला अन् म्हणाली, "बाळ आडवं आहे. पोट उघडून काढावं लागेल. वेळ कमी आहे, उभा छेद घेते."

नामा सोबत होता. माझा लहाना भाऊ, पण पहिल्यापासून तोंड मोठं. मले कोपऱ्यात ओढून म्हणे, "दादा, बाई कापून घरी नेतो काय?"

मी म्हणालो, "न कापता मेलेली नेऊ काय?"

वच्छी निघाली. लाल, चिडलेली, तुझ्यावर गेलेली. अन् तूही त्यातून जिती निघाली. लोक आता बारा वर्षांनी म्हणतात, त्या चाकूनंच शेवटी खाल्लं पारबतीले. खाल्लं असंल. पण त्या चाकूनं आधी काय वाढलं ताटात, ते कोणी मोजत नाही. तू त्याच दिवशी जात होती, पोरीले घेऊन. मधला जेवढा काळ तू माझ्या डोक्यावर बसून मले बोलली, तो सगळा त्या चाकूनं दिला. मी त्या चाकूले शिव्या देणार नाही.

गावानं मात्र लगेच हिशेब केला. सोयऱ्याच्या पोरीचं डोहाळजेवण होतं. तू खण-नारळ घेऊन गेली, अन् भाऊकीतल्या काकूनं तुझ्या हातचं नारळ बाजूले ठेवलं. "तू बस वं पारबती. कापल्या पोटाच्या बाईनं कोणाची ओटी भरू नाई. भरली तर तिचीबी पिशवी फाटते."

तू म्हणाली, "काकू, माही पिशवी शिवून देली डॉक्टरीणबाईनं. तुमच्या चोळीसारखी उसवत नाई ते." अन् नारळ उचलून घरी आली. त्याची चटणी केली. मले वाढताना म्हणाली, "खा, ओटीचं खोबरं हाये." तू हसली होती. पण दोन दिवस तू विहिरीवर गेली नाही, पाणी मी आणलं. हे मले माहीत आहे अन् तुले माहीत आहे.

आता गंगूचं लिहितो, कारण तिच्याबिगर हे कोणाले समजणार नाही.

गंगू दवाखान्यात तुझ्या बाजूच्या खाटेवर होती. पहिलटकरीण, म्हणून माहेरी आलेली, माहेराहून दवाखान्यात. तिलेही उभाच छेद. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं अन् पुढचं सासरचं, हे काही कोणी ठरवायले बसत नाही, असतंच. गंगूच्या मायनं निघताना पोरीले शपथ घातली, सासरी बोलायचं नाही. कापलेली सून म्हणून टाकून देतील. व्रण दिसला तर सांगाचं, लहानपणी आगीवर पडली होती. गंगू लेकरू घेऊन सासरी गेली, अन् दुसऱ्या खेपेले सासरीच बसली. तिथं कोणाले काहीच माहीत नाही. सुईण आपली रीतीनं पोट चोळते, वरून दाबते. गंगू ओठ मिटून. मंग एकदम कळा थांबल्या. सुईण म्हणे, आता आराम पडला. सासूनं देवापुढं दिवा लावला. आतून पिशवी फाटली होती, पारबते. कळा थांबल्या म्हणून ते घर आनंदात होतं, अन् पोरगी आतल्या आत रिकामी होत होती.

गंगूची माय तुले महागावच्या बाजारात भेटली, तिनं तुले हे सांगितलं.  घरी आल्यावर म्हणाली, "तिले सासूनं नाई मारलं. सुईणीनं नाई मारलं. त्या शपथीनं मारलं."

पुढच्या बाजाराले तू वच्छीले माझ्याकडं टाकून सरळ यवतमाळ गाठलं, डॉक्टरीणबाईच्या पुढं जाऊन बसली. ती तुले काय म्हणाली ते तू मले इतक्यांदा ऐकवलं की मले पाठ आहे. "पार्वतीबाई, आम्ही टाके काढतो आणि बाई गावी जाते. पुढं तिचं काय झालं, दुसरं मूल कसं झालं, झालं की नाही, ती जगली की नाही, आम्हांला काहीच कळत नाही. उभा टाका किती टिकतो, खालचा आडवा किती टिकतो, हे परदेशातल्या पुस्तकात आहे. आपल्या बायका शेतात वाकतात, डोक्यावर ओझं नेतात, लागोपाठ बाळंत होतात. त्यांचं कोणी पाहिलेलंच नाही. त्या परत आल्या तर मी पाहीन."

तू म्हणाली, "मी आणतो त्यायले."

असं म्हणायले तुझं काय जात होतं! गाडी माझी, बैल माझे. पण बाया यायच्या कशा? व्रण दाखवायले दवाखान्यात गेल्या की दुसऱ्या दिवशी गावभर. तवा तू मनियारीण रहमतचाचीले गाठलं. महागावात तिचं बांगड्यांचं दुकान, मागं घर, घराच्या मागच्या खोलीले कडी. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी तिथं येऊन बसायची. बाया घरून बांगड्या भरायले निघायच्या. बांगड्या भरायले जातो म्हटलं की कोणता नवरा अडवते? चाची दारात बसून एकेकीले आत सोडायची. "पहले अंदर जाव, बाद में हाथ देव." अन् निघताना प्रत्येकीच्या हातात बांगड्या भरायचीच, म्हणायची, "झूट नको बोलाले पाह्यजे ना बाई. बांगड्याले आल्या, बांगड्या घेऊन गेल्या."

नामाले शंका यायची. एकदा ओसरीवर म्हणाला, "वयनी, तुमचे हात हायेत का काय हायेत? दर महिन्याले बांगड्या फुटते."

तू म्हणाली, "काय सांगू भाऊजी, तुमचे दादा लय मारते मले."

मी तिथंच वखराचं दांडं तासत होतो. माझ्या हातून वाकस सुटला अन् तू पदर तोंडाले लावून आत पळाली. सहा महिने नामा माझ्याशी नीट बोलला नाही.

कोणत्या बाया होत्या, कोणत्या गावच्या, हे मी तुले कधी विचारलं नाही. गाडीत पाठमोऱ्या बसलेल्या असायच्या. मी बैलांकडं पाहायचो. पण हळूहळू डॉक्टरीणबाईच्या हाताले काहीतरी लागून राह्यलं होतं, हे मले तुझ्या बोलण्यावरून समजायचं. उभ्या टाक्याची बाई कळा सुरू व्हायच्या आधीही फाटू शकते. खालच्या आडव्या टाक्याची बरीच टिकते. उभ्या टाक्यावालीनं दिवस भरायच्या आधीच दवाखान्याजवळ येऊन राहावं, घरी कळांची वाट पाहू नये. ती हे नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांपुढं मांडणार होती, अन् तिनं स्वतः उभा छेद घेणं जवळपास सोडलं होतं. तू हे असं सांगायची, जसं काही तूच शोधून काढलं.

तुझं अन् माझं भांडण लागलं ते यावरून नाही. ते लागलं तू मले न विचारता तिले शब्द दिला त्यावरून. जेवताना सांगितलं तू, भाकर मोडता मोडता, जशी काही वांगे महाग झाल्याची गोष्ट. "मी मेली का पोट उघडून पाहा म्हणलं बाईले. जित्तेपणी त वरूनच पाहाले भेटते."

मी म्हणालो, "मी तुह्यापेक्षा म्हातारा. मी आधी जाईन. मंग तुह्या मागं कोण सही करंल?"

"मंग तुमी जाऊ नोका आधी."

"हे काय माह्या हातात हाये?"

"नाई न? मंग कायले भांडता?"

मी ताटावरून उठलो होतो. तू मले बोलावलं नाही, झाकून ठेवलं. अजूनही माझं म्हणणं तेच आहे. आधी मले सांगायले पाहिजे होतं. तू बरोबर होती, अन् तरी आधी मले सांगायले पाहिजे होतं. याच्यावर आपण परत कधी बोललो नाही, आता बोलायले तू नाही, म्हणून तू जिंकली असं समजू नको.

पोट तुझं अधूनमधून दुखायचं. पीळ पडायचा, ओकायची, मंग ओवा-गरम पाणी घेऊन पडायची. वायगोळा म्हणायची. डॉक्टरीणबाईलेही तू तेच सांगितलं असंल, म्हणजे काहीच नाही. अवंदा कापूस वेचणीच्या टायमाले तो पीळ आला तो गेलाच नाही. पोट फुगलं, हिरवं ओकली. महागावपर्यंत गाडीत तू माझा हात धरला होता, अन् यवतमाळच्या मोटारीत सोडला. डॉक्टरीणबाईनं पाहताच आपरेशनची तयारी लावली. तयारी चालू होती तवाच तू गेली.

ती बाहेर आली. चष्मा हातात होता. म्हणाली, "बाबा, त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. पण मी तुम्हांला विचारणार नाही. त्या आता तुमच्या आहेत. घेऊन जा म्हणालात तर आत्ता देते."

नामा माझ्या खांद्याजवळ होता. "दादा, गाडी पाहू. वयनीले घेऊन चालू. आता तिची इटंबना नोको. असं केलं त एकबी सवाष्ण तिले हात लावणार नाई. बिगर ओटीची जाईल ते. वच्छीले उद्या कोण करंल?"

मी तुझ्याकडं पाहिलं, दारातून, पांढऱ्या चादरीखाली. मले गंगू आठवली नाही, नागपूरचे डॉक्टर आठवले नाहीत. तू झाकून ठेवलेलं ताट आठवलं. मी डॉक्टरीणबाईले म्हणालो, "ते माही नाई. तिची तीच होती. तिनं सांगितलं हाये न? मंग उघडा."



नंतर तिनं मले आत बोलावून सांगितलं, सोप्या शब्दात. पिशवीचा टाका तुझा शाबूत होता. काकूले सांगितलं होतं तू, उसवत नाही म्हणून, तो खरंच उसवला नव्हता. पण त्या टाक्यापाशी आतडं चिकटलं होतं, दोरीसारखा पट्टा धरला होता, अन् त्या पट्ट्यात आतड्याचा वेढा अडकून काळा पडला होता. ते तुझं वायगोळ्याचं दुखणं, ते सगळं तिथलं. मंग म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं मी प्रत्येकीला एकच विचारत आले, पुढचं बाळंतपण कसं झालं. पोट दुखतं का, पीळ पडतो का, ओकारी होते का, हे कोणाला विचारलंच नाही. दोघी-तिघी आपणहून बोलल्या होत्या, मी गॅसचं औषध दिलं. आता त्यांना आधी बोलावते."

हे मी काहून लिहितो? ज्यांनी म्हटलं, ‘बाईनं आपल्या शिकण्यासाठी प्रेत फाडलं’, त्यांच्यासाठी लिहितो. हो. शिकण्यासाठीच फाडलं. अन् शिकली.

कापसाच्या ट्रकवाल्यानं तुले गावापर्यंत आणलं, पैशाचं नाव काढलं नाही. अंगणात ठेवली. वच्छीनं कुंकवाची डबी आणली अन् उभी राहिली. भाऊकीच्या बाया भिंतीले लागून. नवरा जिता असताना गेलेली बाई, तिले हिरवा चुडा, मळवट, ओटी, सगळं लागते. कोणी पुढं येईना. रहमतचाची महागावहून आली होती, ती मातर कोणाले न विचारता तुझ्या उशाशी बसली अन् तुझ्या हातात चुडा भरला. थंड हातात बांगडी चढत नाही, तिनं तेल लावून एकेक चढवली. पण ओटी तिनं भरून चालणार नव्हतं.

काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सलग पोटाची बाई हात लावणार नाई. लावाचाच असंल त कापल्या पोटाचीनं लावावा. हाये काय कोणी?"

टोमणा होता तो. कोणी असणार नाही, असं समजून मारलेला.

समोरच्या घरची लक्ष्मी, शेवंताबाईची सून, भिंतीपासून सुटली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं सुपातले तांदूळ उचलले, खण उचलला, नारळ उचललं, अन् तुझी ओटी भरली. तिच्यामागं वरच्या आळीतली एक आली. मंग दुसऱ्या गावाहून मातीले आलेल्या दोघी आल्या.   पुढं पाऊल टाकलं की सगळ्या गावानं समजून घेतलं. त्यांनी तुझी ओटी भरली अन् आपलं झाकलेलं सगळं उघडं केलं, सासूसमोर, नणंदेसमोर. शेवंताबाईचं तोंड मी पाहिलं. तिले पहिल्यांदा कळत होतं.

मी रडलो ते तवा रडलो. चितेवर नाही.

पण पारबते, तुले खरं सांगतो, त्याच्यानंतर मले भीती लागली. नामानं येऊन सांगितलं, शुद्धीचं जेवण घाल, चारचौघांत म्हण की डॉक्टरीणबाईनं फसवून सही घेतली, मंग सगळे परत येतील, बंद केलेलं वखरं-तिफनीचं काम आणतील. मी म्हटलं, "खोटं बोलून मले वखर तासाचं नाई." ते ठीक झालं. पण बाहेर बायांना काय सांगून राह्यले होते? ‘पाहा, त्या डॉक्टरीणीकडं गेल्या की मेल्यावरही कापतात.’ लेकी-सुनांना तुझ्या नावानं धाक. मले वाटलं, मी ‘उघडा’ म्हणालो अन् त्याच शब्दानं तुझं सगळं काम बंद पाडलं का काय. ज्या आता सांगायले लागल्या होत्या त्या परत ओठ मिटतील, अन् कोणत्या तरी घरात कळा थांबल्या म्हणून परत दिवा लागेल.

डॉक्टरीणबाईचा निरोप आला, या बाजाराले महागावले येते म्हणून. मी सकाळी बैल जुपले अन् गाडी आपल्या दारात नाही, चावडीपुढं नेऊन उभी केली. भर गर्दीत म्हणालो, "महागावले चाललो. डॉक्टरीणबाईकडं. जिचं पोट कापलेलं हाये, जिचं दुखते, जिले दिवस हायेत, तिनं बसावं. बांगड्याले नाई चाललो."

नामा आला. "दादा, हे बाईमाणसाचं काम. तू कायले हसं करून घेतो?"

"बाईमाणूस मेलं न माहं. मंग कोण करंल? तू करतो?"

तो गेला. दोन-चार जण हसले. मी सैल सोडलेल्या कासऱ्याशी खेळत बसलो. ऊन चढलं. बैलांनी टाकलेला कडबा संपवला. पारावरचे मुद्दाम खोकत होते. मी ठरवलं, कोणी नाही आलं तरी रिकामी गाडी नेतो, पुढच्या बाजाराले परत नेतो, माझ्यात अन् बैलांत जोवर दम आहे तोवर.

तवा शेवंताबाई दिसली. पुढं ती, मागं लक्ष्मी. शेवंताबाईचं बोलणं तुले माहीतच आहे, दगड मारल्यासारखं. पारावरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सरका मिस्त्रीबुवा, जागा द्या. दोन जीवाची हाये माही सून. दोन जीवाची असून प्रेताले हात लावला म्हणून मी लय खडसावलं तिले. तवा रडत रडत तोंडानं सांगे, आत्याबाई, खरंच पयलं माहेरी कापून काढलं."

मी म्हणालो, "मंग रागावली नाईस?"

"रागावली न. आधी काऊन नाई सांगितलं म्हणून रागावली. गंगूची सासू माही मामेबहीण लागते. दिवा तिनंच लावला होता. आजवर तिले अन् मले वाटे, देवानं नेली; पारबतीनं हिले खरं सांगितलं होतं, ते मले आता समजलं." तिनं लक्ष्मीले हात देऊन वर घेतलं, पाठीमागं गोधडी लावली. पारावर कोणी खोकललं नाही.

गाडी गावाबाहेर निघाली. पहिल्याच नाल्यात चाक आपटलं अन् मागून शेवंताबाई ओरडली, "अवो, हळू हाका न! पोटुशी बसली हाये मागं, कापसाचा गठ्ठा नाई!"

जलमभर तू हेच ओरडली मागून, अन् जलमभर मी तुले म्हणालो, तुले हाकता येते तर तू हाक. शेवंताबाईले तसं म्हणालो नाही, पारबते. खाली उतरलो, बैलाची येसण धरली, अन् महागावपर्यंत त्यांच्यापुढं पायी चालत गेलो.